रात्री दोन वाजता ड्यूटीवर कोण असतं?

नागपुरात रामदासपेठ-धंतोलीच्या हॉस्पिटलातून पेशंट सुटतो तेव्हा नाकात राईल्स ट्यूब, म्हणजे पोटापर्यंत जाणारी अन्नाची नळी असते, पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लटकत असते आणि डॉक्टर सांगतात, आता इथे ठेवून काही उपयोग नाही, नर्सिंग केअर लागेल. पॅरालिसिस असो, खुब्याचं हाड मोडलेलं असो की वाढत गेलेला स्मृतिभ्रंश, घरच्यांच्या हातात दोन-तीन दिवस असतात. तेवढ्यात बेसा, मनीषनगर, हिंगणा रोड, कोराडी रोड असं फिरून नर्सिंग केअर सेंटर बघायची आणि ठरवायचं. बहुतेक जण एका ठिकाणी अर्धा तास थांबतात आणि त्यातली वीस मिनिटं ऑफिसात जातात. फरशी चकाचक आहे, मॅडम आपुलकीनं बोलल्या, महिन्याचा आकडा जमण्यासारखा आहे, झालं ठरलं. हे सगळं खरं असूनही वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी पाठीला जखम चिघळत असू शकते. त्या अर्ध्या तासात नेमकं काय बघायचं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

अमेरिकेत सरकार २००८ पासून नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं. तपासणीत काय आढळलं, किती कर्मचारी आहेत आणि रुग्णांची स्थिती कशी आहे, या तीन गोष्टींवरून ते ठरतं. आपल्याकडे अशी यादी नाही, त्यामुळे हे काम नातेवाइकांनाच करावं लागतं. माझ्या मते सुरुवात कर्मचाऱ्यांच्या संख्येपासून करावी आणि तीही रात्रीच्या.

साधा हिशेब मांडून बघा. सेंटरमध्ये २० पेशंट आहेत आणि त्यातल्या १२ जणांना स्वतः कूस बदलता येत नाही. झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलायची असते. एकाला नीट वळवायला दोन माणसं आणि ६ मिनिटं लागतात. अंगाखालची आडवी चादर (ड्रॉ-शीट) दोन्ही बाजूंनी धरून उचलायचं, पाठीमागे उशी लावून अंग ३० अंश कलतं ठेवायचं, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी द्यायची, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कुठे दबली नाही ना ते बघायचं. बारा सक ७२ मिनिटं. म्हणजे दर दोन तासांतला सव्वा तास दोघांचाही फक्त कूस बदलण्यात जातो. उरलेल्या पाऊण तासात डायपर, सक्शन (घशातला कफ मशीननं ओढून काढणं), पाणी, कुणी हाक मारली तर तिकडे धावणं. औषधं-इंजेक्शनं बघणारी सिस्टर यात धरलेलीच नाही. आता त्या सेंटरला विचारा, रात्री ८ ते सकाळी ८ या पाळीत किती जण असतात? उत्तर ‘एक ब्रदर, एक मावशी’ असं आलं आणि औषधं-इंजेक्शनंही त्या ब्रदरकडेच, म्हणजे पुरुष नर्सकडेच असतील, तर तिथे रात्री कूस बदलली जात नाही. ते कितीही प्रामाणिक असले तरी ते शक्यच नाही. चांगल्या एअर बेडवर, म्हणजे पंपानं हवा भरलेल्या गादीवर, काही पेशंटना तीन-चार तासांचं अंतर चालतं, पण ते त्यांची कातडी रोज तपासून ठरवायचं असतं. माणसं कमी आहेत म्हणून अंतर वाढवायचं नसतं.

तोंडी आकड्यावर थांबू नका, या महिन्याचा ड्यूटी रोस्टर मागा. त्यात सिस्टर कोण आणि अटेंडंट कोण हे वेगळं लिहिलेलं हवं. जीएनएम म्हणजे तीन वर्षांचा नर्सिंग कोर्स आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. मावशी, आया किंवा काही महिन्यांचा कोर्स केलेला अटेंडंट प्रेमानं भरवू शकतो, पुसू शकतो, वळवू शकतो. राईल्स ट्यूब बदलणं, कॅथेटर घालणं, इन्सुलिनचा डोस काढणं ही त्यांची कामं नाहीत. पांढरा गणवेश सगळ्यांना सारखाच घातलेला असतो, म्हणून थेट विचारावं, ‘सिस्टर, तुमचं शिक्षण काय झालंय?’ नोंदणी असलेली सिस्टर या प्रश्नानं चिडत नाही.

मग चार्ट बघा. पलंगाच्या पायथ्याशी किंवा नर्सिंग टेबलावर कूस बदलल्याची नोंद असते: डावी, उताणी, उजवी, पुढे वेळ आणि सही. तुम्ही दुपारी ४ वाजता गेलात आणि तिथे ६ वाजताची सही आधीच झालेली असेल, तर बाकीच्या कागदांवर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणात, बरोबर ८, १०, १२ ला असतील तरी शंका घ्यावी, कारण खऱ्या वॉर्डात ८.१० होतात, १०.२५ होतात, मध्येच ‘उलटी झाली, डॉक्टरांना कळवलं’ असं लिहिलेलं असतं. आणि चार्टवर ‘डावी कूस’ असेल तर पेशंट खरोखर डाव्या कुशीवर आहे का, हे मान वळवून बघायला एक सेकंद लागतो.

बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब येऊन होणाऱ्या जखमा, त्यांच्याबद्दल असा प्रश्न विचारा: सध्या तुमच्याकडे किती जणांना बेडसोर आहेत आणि त्यातले किती इथे आल्यावर झाले? बारा जण झोपून असताना ‘एकालाही नाही’ हे उत्तर मला फारसं भरवशाचं वाटत नाही. ‘तिघांना आहेत, दोघं हॉस्पिटलातूनच घेऊन आले, एका आजींना इथे झाला, दर आठवड्याला मापून लिहितो’ असं सांगणाऱ्यांकडे जास्त विश्वासानं बघावं. त्यांना निदान आपल्या पेशंटची पाठ माहीत आहे.

तुमचा माणूस आधीच तिथे असेल तर भेटीच्या वेळी स्वतः बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू आणि कानाची पाळी. कानाची पाळी सगळे विसरतात. लाल डाग दिसला तर बोटानं ३ सेकंद दाबून सोडा. दाबल्यावर फिका पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही रंग हलला नाही तर ती बेडसोरची पहिली पायरी आहे आणि त्या जागेवरचा भार लगेच काढायला हवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे बोटांनी चाचपून बघा: ती जागा बाजूपेक्षा गरम लागते का, टणक किंवा पिचपिचीत लागते का, काळपट-जांभळट झाली आहे का. अशा जागी तेल चोळून मालिश करणं चूक आहे, आतल्या पेशी आणखी फाटतात. टाचेखाली पाणी भरलेला हातमोजा ठेवलेला दिसला, किंवा माकडहाडाखाली गोल हवेची रिंग दिसली, तर समजावं की इथलं नर्सिंग जुन्या सवयीवर चाललं आहे. रिंगच्या कडेवर दाब येतो आणि मधल्या जागेचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. बरोबर पद्धत साधी आहे: पोटरीखाली लांब उशी ठेवायची, म्हणजे टाच अधांतरी राहते.

एअर बेड आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याचा पंप पलंगाला लटकवलेला असतो आणि त्यावर वजनाप्रमाणे दाब लावायचं बटण असतं. कित्येक ठिकाणी ते आणल्या दिवसापासून एकाच जागी असतं. पेशंटच्या माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीच्याही खालून, तळवा वर करून हात सरकवून बघा. हात आणि शरीर यांच्यामध्ये किमान एक इंच हवेची गादी लागली पाहिजे. हाड हाताला लागलं तर गादी असून नसल्यासारखी आहे. एअर बेडवर जाड चादर, मग प्लास्टिक, मग दुलई, मग डायपर असे थर रचले तरी तोच प्रकार होतो. वर एक चादर पुरे.

राईल्स ट्यूबचं फीड देताना बघायला मिळालं तर जरूर थांबा, त्या वीस मिनिटांत त्या जागेबद्दल खूप काही कळतं. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी. नाकपुडीपाशी ट्यूबवर केलेली खूण सरकली नाही हे बघून, ट्यूब पोटातच आहे याची खात्री करून मगच सुरुवात व्हावी. ५० मिलीची सिरिंज दट्ट्या काढून ट्यूबला जोडायची, उंच धरायची आणि २०० ते २५० मिली फीड आपल्या वजनानं उतरू द्यायचं, १५-२० मिनिटं. आधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी. घाई असेल तिथे दट्ट्यानं दाबून दोन मिनिटांत संपवतात आणि लगेच पलंग सपाट करून पेशंटला वळवतात. मग फीड वर येतं, श्वासनलिकेत जातं आणि दोन दिवसांनी ताप येऊन न्यूमोनिया निघतो. घरच्यांना सांगितलं जातं, ‘वय झालं ना जी, छातीत कफ झाला.’ फीड झाल्यावर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर डोकं वरच हवं. एरवी मात्र पलंग कायम बसता ठेवला तर माणूस खाली घसरत राहतो आणि माकडहाडाची कातडी खेचली जाते, म्हणून तो परत ३० अंशांपर्यंत आणावा लागतो. हे दोन्ही सांभाळणारी सिस्टर दिसली की समजा हातात कसब आहे. गोळ्या कुटून देतात का तेही विचारा. ज्यांच्यावर खास आवरण असतं किंवा ज्या हळूहळू विरघळायच्या असतात, त्या गोळ्या कुटायच्या नसतात. डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्यायचा असतो.

तोंडानं जेवणाऱ्यांचं जेवण बघायला दुपारी साडेबाराला जा. गिळायला त्रास असलेल्या एका माणसाला मऊ वरण-भात भरवायला २५ मिनिटं लागतात: घास छोटा, हनुवटी किंचित खाली, गिळल्याचं बघून पुढचा घास. एका मावशीकडे असे सहा जण असतील तर अडीच तास होतात. ते पाऊण तासात आटोपत असेल तर कुणाच्या तरी ताटातलं परत जातं आहे किंवा घास कोंबले जात आहेत. पातळ पाण्यानं ठसका लागणाऱ्याला दिलेलं पाणी घट्ट केलेलं आहे का, जेवणानंतर गालात साठलेला घास काढून तोंड स्वच्छ करतात का, हेही बघा. जिभेवर पांढरा थर आणि ओठांना भेगा दिसल्या तर तोंडाची निगा राखली जात नाही. आणि वजन दर महिन्याला करतात का? ५० किलोच्या आजींचं महिन्यात अडीच किलो, म्हणजे ५ टक्के वजन घटलं, तर ती डॉक्टरांना लगेच कळवायची गोष्ट आहे. उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर टेपनं मोजून लिहिता येतो. ‘झोपून आहेत, वजन कसं करणार’ हे कारण चालवून घेऊ नका.

कॅथेटरचं थोडक्यात सांगते. पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकलेली, दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी केलेली, नळी मांडीला पट्टीनं चिकटवलेली आणि घातल्याची तारीख लिहिलेली हवी. पेशंटला हलवताना पिशवी त्याच्या पोटावर ठेवलेली दिसली तर तिथेच टोका, लघवी उलटी मूत्राशयात जाते. ६० किलोच्या माणसाला २४ तासांत साधारण ७०० मिलीपेक्षा कमी लघवी होत असेल तर काळजी करावी.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात तर हा आकडा रोज बघायला हवा. म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही आणि झोपलेल्याला मागता येत नाही. हृदयाच्या, किडनीच्या पेशंटला डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घातलेली असते. बाकीच्यांसाठी पाणी, ताक, पातळ भाजी किती गेलं याची नोंद हवी. सेंटर बघायला मे महिन्यात जमलं तर दुपारी ४ ला जा, गच्चीखालच्या शेवटच्या खोलीत. पहिल्या खोलीत एसी असतो, तीच दाखवतात. मेअखेरच्या नवतपात ४५ अंशांच्या वर पारा जातो तेव्हा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. कूलर असेल तर टाकीतलं पाणी दर आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासतात का विचारा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच होतात. आणि पाऊस सुरू झाल्यावरही तोच कूलर चालू असेल तर चादरी दमट राहतात, ओलसर कातडी लवकर सोलवटते.

इन्सुलिनसाठी फ्रीज उघडून दाखवायला सांगा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उघडलेली साधारण २८ दिवस वापरायची आणि तिच्यावर उघडल्याची तारीख हवी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ‘खोलीच्या तापमानाला चालतं’ हे लागू होत नाही, टेबलावर राहिलेलं इन्सुलिन निकामी होतं आणि शुगर का वाढते ते कुणालाच कळत नाही. फ्रीजरला चिकटून गोठलेलं इन्सुलिनही फेकायचंच. दुसरी चूक वेळेची असते: सिस्टर पाळी संपायच्या आधी ७ ला इन्सुलिन देऊन मोकळी होते आणि नाश्ता येतो साडेआठला. शुगर ७० च्या खाली गेली की तरुण माणूस घामानं डबडबतो, म्हातारा नुसता गुंगीत जातो आणि सगळ्यांना वाटतं झोपला आहे.

वीज गेली तर काय, याचं उत्तर ‘इन्व्हर्टर आहे’ एवढ्यावर सोडू नका. त्या इन्व्हर्टरवर पंखे-दिवेच आहेत की एअर बेडचे पंप आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी मशीनंही आहेत? राखीव सिलिंडर दाखवा म्हणा. मग त्याची चावी दाखवा म्हणा, जिनं व्हॉल्व्ह उघडतात ती. सिलिंडर कोपऱ्यात उभा असतो, गेज शून्यावर असतो आणि चावी ‘सरांच्या ड्रॉवरमध्ये’ असते, हे रात्री कळून उपयोग नाही. कॉन्सन्ट्रेटरच्या मागची जाळी धुळीनं बुजली असेल तर तेही काढून दाखवा, मशीन चालू दिसलं तरी ऑक्सिजन कमी येतो.

वासाचा अर्थ नीट लावा. एका खोलीत आत्ता डायपर बदलतायत म्हणून वास आला तर त्यात काही वाईट नाही. सगळ्या मजल्यावर लघवीचा शिळा वास, किंवा तो झाकायला नाकाला झोंबेल इतकं फिनाईल, हे वाईट. डायपरचा हिशेब घरच्यांनी ठेवावा. दिवसाला ४-५ लागतात, महिन्याला १२० ते १५०. बिलात १५० आहेत आणि तुम्ही जाल तेव्हा डायपर जड होऊन लोंबत असतो, तर बाकीचे कुठे जातात ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

सकाळी ११ ला सगळे पेशंट गाढ झोपलेले दिसले तर मला ती शांतता नको वाटते. स्मृतिभ्रंशाचे पेशंट रात्री ओरडतात, उठतात, म्हणून त्यांना गुंगीची औषधं दिली जातात. या आजारातल्या वृद्धांना अँटिसायकोटिक, म्हणजे मूळच्या मानसिक आजारांवरच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २००५ मध्येच दिला आहे. कधी ती लागतातही, पण कुणी लिहिली, कधीपासून आणि कधी कमी करणार, हे फाईलवर हवं. मनगटांवर पट्टीचे वळ दिसले तर हात बांधले होते का, असं स्पष्ट विचारा. ट्यूब ओढतात म्हणून बांधावं लागलं, तर डॉक्टरांची लेखी सूचना आणि मधूनमधून सोडल्याची नोंद हवी.

कागदांचं: जिथे नर्सिंग आणि उपचार देतात त्या जागेची महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायदा, १९४९ खाली महापालिकेकडे नोंदणी हवी आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं हवं. २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही. नुसता वृद्धाश्रम म्हणून चालणाऱ्या घरात राईल्स ट्यूबचा पेशंट ठेवणं योग्य नाही. आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असं सांगणारा परवानाधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’ दर जानेवारी आणि जुलैत भरायचा असतो, ताजा मागा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला आग लागून १० नवजात बाळं गेली. झोपून असलेला माणूसही तसाच, स्वतः बाहेर पडू शकत नाही. बंगल्याचं सेंटर केलेलं असेल तर लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का आणि जिना वळणावर किती रुंद आहे ते बघा. १०८ ची ॲम्ब्युलन्स आली तर पेशंटसोबत मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) किंवा तुम्ही सांगाल त्या हॉस्पिटलला कोण जाणार, तेही लिहून घ्या. बिलात ड्रेसिंग, फिजिओथेरपी, ऑक्सिजन, डायपर धरले आहेत की वेगळे, आणि पेशंट दगावला किंवा घरी नेला तर डिपॉझिट किती दिवसांत परत, हे ऑफिसातल्या बोलण्यावर सोडू नका. तक्रार आत सुटली नाही तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

भरती करताना घरचे आणि सेंटरचे, दोघांच्याही समोर पेशंटची कातडी डोक्यापासून टाचेपर्यंत तपासा. जखम असेल तिचा फोटो बाजूला मोजपट्टी ठेवून काढा आणि तारखेसह फाईलला लावून सिस्टरची सही घ्या. वजन त्याच दिवशी करा. कवळी, चष्मा, श्रवणयंत्र यांवर नाव लिहा. कवळीची डबी वेगळी द्या, नाहीतर ती टिश्यू पेपरात गुंडाळली जाते आणि कचऱ्यात जाते. मग दुसऱ्या दिवशी न सांगता रात्री आठला जा, पाळी बदलते तेव्हा. दिवसाची सिस्टर रात्रीच्या सिस्टरला पलंगापाशी उभी राहून काय सांगते ते ऐका, आणि रात्रीच्या मावशीला विचारा: बाबांना कोणत्या कुशीवर त्रास होतो?